हाताच्या मापाचा कंट्रोलर

'डीजे' हा शब्द आपल्या शहरात बदनाम झाला आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. विसर्जनाच्या रात्री ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत दांडिया बाजारातून सरकू लागली, की खिडक्यांची तावदाने थरथरतात, बाळंतिणीच्या कुशीतली अर्भके दचकून उठतात आणि वृद्ध रुग्णांचे नातेवाईक आपल्याला दूरध्वनी करू लागतात. लोक त्या भिंतीलाच 'डीजे' म्हणतात. वस्तुतः डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजविणारा माणूस. माणसाचे नाव पेटाऱ्याला चिकटले आणि पेटाऱ्याची दुष्कीर्ती माणसाच्या वाट्याला आली, असा हा प्रकार आहे. ध्वनिप्रदूषणाविरुद्धच्या निवेदनांवर मी स्वाक्षऱ्या केल्या आहेत आणि पुढेही करीन. तरीही प्रस्तुत लेख मी त्या माणसाच्या, किंबहुना तो माणूस होऊ पाहणाऱ्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या बाजूने लिहीत आहे.

गेली काही वर्षे लसीकरणाचे, दम्याचे, वजनाचे बोलणे आटोपले की पालक उठता उठता विचारतात, "डॉक्टरसाहेब, मुलगा डीजेचा कंट्रोलर मागतो आहे. घ्यावा का? आणि घ्यायचा तर कोणता?" पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर लहान आहे : ऐपत असेल तर अवश्य घ्यावा. दुसऱ्याला दोन मिनिटे पुरत नाहीत आणि बाहेर रुग्ण ताटकळत असतात. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय निवडला. माझी कन्या या छंदात बरीच वर्षे रमलेली असल्याने ही यंत्रे जवळून पाहता आली. मुलांचे हात आणि कान पाहणे हा तर आमचा व्यवसायच.

कंट्रोलर हा चष्म्यासारखा किंवा पादत्राणासारखा, वापरणाऱ्याच्या मापाने घ्यावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेण्याची रीत आहे. दिवाळीचा सदरा यंदा ढगळ झाला तरी पुढल्या वर्षी बसतो. त्याच हिशेबाने पालक दुकानातला सर्वांत मोठा, सर्वाधिक बटणांचा कंट्रोलर उचलतात, "एकदाच काय तो खर्च होऊन जाऊ दे!" सदऱ्याच्या ढगळपणाची शिक्षा दिसण्यापुरती असते. येथे ती मनगटाला होते.

हे यंत्र आहे तरी काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. १९७२ साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-१२०० हा रेकॉर्ड प्लेअर बाजारात आणला. त्याची थाळी पट्ट्याने न फिरता थेट मोटारीने फिरे, त्यामुळे हाताने थांबवून सोडली तरी ती क्षणार्धात आपला वेग पकडी. घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी केलेले हे यंत्र पुढे भलत्याच मंडळींनी आपलेसे केले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी, 'कूल हर्क' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाने बहिणीने ठरविलेल्या एका मेजवानीत रेकॉर्ड वाजविल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन प्लेअरच्या साहाय्याने लांबवीत नेण्याची त्याची रीत होती. हिप-हॉप संगीताचा आरंभ त्या रात्रीपासून मोजतात. १९७५ च्या सुमारास त्याच भागातील थिओडोर लिव्हिंग्स्टन हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा खोलीत रेकॉर्ड वाजवीत असता आवाजाने त्रासलेली आई दारात येऊन रागावू लागली. तिचे बोलणे ऐकण्यासाठी त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि ती थोडी पुढेमागे झाली. त्या घासण्याच्या आवाजातून 'स्क्रॅच' हे तंत्र निघाले, असे तो सांगत आला आहे. संगीतातील एका तंत्राचा शोध शाळकरी मुलाला आईच्या रागावण्यातून लागावा, ही हकीकत बालरोगतज्ज्ञाला विशेष प्रिय वाटली तर नवल नाही. तिसरा ग्रँडमास्टर फ्लॅश. विजेच्या उपकरणांचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने नेमकी जागा सापडावी म्हणून रेकॉर्डवर रंगीत खडूने खुणा केल्या, आणि पुढचे गाणे श्रोत्यांना ऐकू जाण्यापूर्वी आपल्याला हेडफोनवर ऐकता यावे म्हणून स्वतः एक स्विच जुळविला.

तेव्हापासून या कलेची मांडणी फारशी बदललेली नाही. दोन गाणी, मध्ये मिक्सर, एक कान श्रोत्यांकडे आणि दुसरा हेडफोनमध्ये. २००१ मध्ये पायोनियरच्या सीडीजे-१००० ने सीडीलाही रेकॉर्डसारखे हाताने मागेपुढे करण्याची सोय दिली. त्याच सुमारास गाणी लॅपटॉपमध्ये शिरली. आणि पुढच्या दहा वर्षांत दोन्ही प्लेअर व मिक्सर एकाच फळीवर आणणारा कंट्रोलर घरोघरी परवडू लागला. दोन बाजूंस दोन गोल चाकत्या, त्यांना जॉग व्हील म्हणतात. मध्ये आवाजाच्या सरकपट्ट्या, म्हणजे फेडर. त्यांवर स्वरांचे जाड-बारीकपण ठरविणाऱ्या गुंड्या, आणि खाली रबरी पॅड.

आता मुख्य मुद्दा. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, त्यांची मोडतोड व जुळवाजुळव लॅपटॉपमधले सॉफ्टवेअर करते. कंट्रोलर फक्त सांगतो, की अमुक गुंडी इतकी फिरली, तमुक पट्टी येथे आली. अनेक कंट्रोलर हे निरोप आजही १९८३ साली ठरलेल्या मिडी या सांकेतिक पद्धतीने पाठवितात, आणि साध्या मिडीत प्रत्येक हालचालीला ० ते १२७ यांपैकी एक आकडा मिळतो. हेडफोन व स्पीकरसाठी आत एक साउंड कार्ड असते, ते सोडले तर ध्वनीशी या पेटीचा संबंध नाही. सतारीचा भोपळा बदलला तर नाद बदलतो. कंट्रोलर बदलला तर गाणे तेच राहते. मग आपण पैसे मोजतो ते कशाचे? हाताला मिळणाऱ्या सोयीचे. ती सोय नसेल तर बाकीची वैशिष्ट्ये कागदावरच राहतात. दुकानदार मात्र पॅड किती, चॅनेल किती, दिवे किती रंगांचे, हे सांगतो. मुलाचा हात केवढा आहे हे त्याने विचारलेले मी अद्याप ऐकलेले नाही.

हात मोजण्याचे आपले जुने माप वीत. मुलाची वीत दुकानातच घ्यावी. जॉग व्हीलच्या कडेवर मधले बोट ठेवून, मनगट न वाकविता, त्याच हाताचा अंगठा सुरू-बंद करण्याच्या बटणापर्यंत सहज पोहोचतो का, ते पाहावे. पोहोचण्यासाठी मनगट करंगळीच्या बाजूला झुकत असेल तर तो कंट्रोलर त्या मुलासाठी नव्हे. मनगट त्या बाजूला झुकलेले आणि अंगठा ताणलेला, ही स्थिती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ साली अंगठ्याच्या कंडरांभोवतीच्या आवरणाचा जो विकार वर्णिला, तो याच ताणाने बळावतो. ओळख पटेल असे काही न सांगता एक उदाहरण देतो. चौदा वर्षांच्या एका मुलीचे उजवे मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखत असे. आईने साहजिकच मोबाइलला दोष दिला. अंगठा मुठीत धरून मनगट झुकविताच ती कळवळली. चौकशीत कळले, की वाढदिवसाला आलेला चार चॅनेलचा भलाथोरला कंट्रोलर पलंगावर ठेवून ती मांडी घालून रोज दोन तास वाजवी. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने काही आठवडे पट्टा दिला. पण खरा उपाय झाला तो यंत्र पलंगावरून उठवून योग्य उंचीवर नेल्याने, आणि पुढे ते एका थोराड चुलतभावाला देऊन तिच्यासाठी दोन चॅनेलचे आणल्याने.

ज्या मुलांचे सांधे मुळात सैल असतात त्यांच्याबाबत अधिक दक्षता हवी. अंगठा मागे वळवून पुढच्या बाहूला टेकविणारी मुले वर्गात कौतुकाची होतात. बेटन यांच्या नऊ गुणांच्या मापनात त्यांना गुणही भरपूर मिळतात, पण तासभर वाजविल्यावर बोटे दुखतात तीही त्यांचीच. त्यांना जड चाकती आणि कडक पॅड नकोत. पॅड हलक्या स्पर्शाने उमटला पाहिजे. रेकॉर्डचा भास व्हावा म्हणून काही महाग कंट्रोलरांत मोटारीने फिरणाऱ्या चाकत्या असतात. २०२० च्या रेन वन या कंट्रोलरमध्ये त्या आहेत. स्क्रॅचचा गंभीर अभ्यास करणाऱ्याला त्या हव्यातच. नवशिक्या मुलाला त्यांचे वजन आणि किंमत दोन्ही अकारण.

माप म्हणजे लहानच, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. एका भागाच्या बाबतीत मी नेहमी लांबी मागतो. तो म्हणजे पिच फेडर, गाण्याची लय किंचित कमी-अधिक करणारी सरकपट्टी. टेक्निक्सच्या १९७९ च्या सुधारित प्लेअरवर ही पट्टी १०० मिलिमीटर लांब होती आणि तिचा पल्ला उणे ८ ते अधिक ८ टक्के. म्हणजे १६ टक्के शंभर मिलिमीटरांत. एक मिलिमीटर सरकले की लय ०.१६ टक्क्यांनी बदलते. पट्टी ६० मिलिमीटरची असेल तर तोच एक मिलिमीटर ०.२७ टक्के होतो. हा फरक क्षुल्लक वाटेल. मिनिटाला १२० ठोक्यांची दोन गाणी एकत्र चालली आहेत आणि लयीत ०.२७ टक्के तफावत राहिली आहे असे धरा. मिनिटभरात दोन्ही ताल एकमेकांपासून ०.१६ सेकंद दूर जातात. एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश ठोका निसटला. तबल्याची साथ इतकी घसरली तर श्रोते माना वर करतील. एक मिलिमीटर अचूक साधणे प्रौढालाही जड जाते, तेथे वाढीच्या वयातल्या, स्वतःच्या लांब झालेल्या हाताची अजून सवय न झालेल्या मुलाचे काय? मग तो म्हणतो, "मला लय कळत नाही." त्याला लय कळते, पट्टी आखूड आहे. आणखी एक बारकावा म्हणजे १६ टक्क्यांचा पल्ला केवळ १२८ पायऱ्यांत विभागला तर एक पायरीच ०.१२५ टक्क्यांची होते, म्हणून चांगले उत्पादक या पट्टीसाठी दोन निरोप जोडून १६,३८४ पायऱ्या देतात. विकत घेण्यापूर्वी हे विचारावे. पट्टी आखूडच मिळत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पल्ला कमी करून घेता येतो, तेवढाच दिलासा.

गुंड्यांमधले अंतरही पाहावे. मधली गुंडी अंगठा व तर्जनीने फिरविताना शेजारच्या दोन्ही गुंड्यांना बोट लागता कामा नये. अगदी छोट्या, दप्तरात मावणाऱ्या कंट्रोलरांत येथेच फसगत होते. मोठ्या बोटांच्या सतरा वर्षांच्या मुलाला ते तितकेच गैरसोयीचे, जितका थोरला कंट्रोलर तेरा वर्षांच्या मुलीला. दोन चॅनेल पुरे. हात दोनच आहेत. डावखुऱ्या मुलांच्या पालकांना एक आनंदाची बातमी. गिटारीसारखी येथे उलटी प्रत शोधावी लागत नाही, कारण दोन्ही हातांना दोन्ही बाजूंची कामे करावीच लागतात, आणि मधल्या क्रॉसफेडरची दिशा उलटी करण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते.

उंचीकडे कोणीच लक्ष देत नाही. माणसाच्या कोपराची उभ्याने उंची ही सरासरीने एकूण उंचीच्या ६३ टक्के असते. १५२ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे कोपर सुमारे ९६ सेंटिमीटरवर येते. कंट्रोलरचा वरचा भाग कोपराच्या पातळीला किंवा त्याहून चार-पाच सेंटिमीटर खाली असावा, म्हणजे खांदे न उचलता व पाठ न वाकविता हात चालतात. जेवणाचे टेबल ७५ सेंटिमीटर आणि वर यंत्राचे पाच-सहा धरले तरी ते पंधरा सेंटिमीटर खाली राहते, म्हणजे पाठ वाकणारच. स्वयंपाकघराचा ओटा साधारण ८५ चा असतो, तो या मुलीला अगदी बेताचा. परंतु गृहिणी तो देतील असे वाटत नाही. दिवाणखान्यातले ठेंगणे टेबल तर सर्वांत वाईट. आपल्या घरांत याला सोपा तोडगा आहे : जेवणाच्या टेबलावर पूजेचा चौरंग किंवा पाट ठेवावा, मूल वाढेल तसा पाट बदलावा. यंत्र वाढत्या अंगाचे घेण्यापेक्षा पाट वाढता ठेवणे स्वस्त. हर्क्युलिसच्या इन्पल्स ५०० या २०२० च्या कंट्रोलरला तर दुमडते पायच दिले आहेत, ते मला फार समंजसपणाचे वाटले. लॅपटॉप शक्यतो यंत्राच्या पाठीमागे, डोळ्यांच्या पातळीजवळ असावा. बाजूला ठेवला की मान दिवसभर एकीकडे वळलेली राहते. आणि हेडफोन खांदा व कान यांत चिमटून धरण्याची जी ऐट चित्रपटांतून मुले उचलतात, ती पहिल्याच दिवशी मोडावी.

आता कान. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण हाताचे दुखणे विश्रांतीने बरे होते. कानाचे होत नाही. प्रत्येक कानातील शंखिकेत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात, आपल्यात नाही. मूल बहिरे होत आहे हे मुलाला कळत नाही, पालकांना कळत नाही. कळते ते बहुधा श्रवणालेखात ४,००० हर्ट्झपाशी खाच दिसू लागल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने वैयक्तिक श्राव्य उपकरणांसाठी दिलेली मर्यादा प्रौढांना आठवड्यास ८० डेसिबल ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबल ४० तास अशी आहे. डेसिबल तीनने वाढले की वेळ निम्मा करावा लागतो. हा हिशेब पुढे चालविला तर मुलांना ८५ डेसिबलला आठवड्याचे चारच तास मिळतात आणि ९५ ला अवघी चोवीस मिनिटे. आठवड्याची चोवीस मिनिटे! हेडफोनवर ९५ डेसिबल गाठायला काहीच कष्ट पडत नाहीत.

डीजेला हेडफोन मोठा का लागतो, हे कारण समजले की उपाय आपोआप सुचतो. एका कानाने तो खोलीतले गाणे ऐकतो आणि दुसऱ्या कानाने पुढचे. खोलीतला आवाज मोठा असला तर हेडफोन त्याच्यावर मात करण्यासाठी वाढवावा लागतो. हेडफोन वाढला की खोलीतला लहान वाटतो, म्हणून तो वाढवावा लागतो. या चढाओढीत तासाभरात दोन्ही शिगेला पोहोचतात आणि वाजविणाऱ्याला आपण काही वाढविले असे वाटतही नाही. म्हणून स्पीकर हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येईल इतकाच ठेवावा. हेडफोन कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा घ्यावा. खर्चाची काटकसर कंट्रोलरमध्ये करावी, हेडफोनमध्ये नव्हे. कंट्रोलर निवडताना हेडफोनच्या आवाजाची गुंडी वेगळी, हाताशी आणि हळूहळू चढणारी आहे का, ते फिरवून पाहावे. काही यंत्रांत ती पहिल्या पाव वळणातच जवळजवळ पूर्ण आवाज देते. असे यंत्र मी, त्यात दुसरे काहीही असो, मुलासाठी नाकारीन. शिवाय चालू गाणे व पुढचे गाणे हेडफोनमध्येच एकत्र वा दोन कानांत वेगवेगळे ऐकण्याची सोय असली, तर स्पीकर बंद ठेवूनही सराव होतो आणि ती चढाओढ मुळातच टळते. मोबाइलवरील ध्वनिमापकाने नेमके मोजमाप नाही तरी अंदाज येतो. तो मुलालाच करायला सांगावा. याच संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली, हेही त्याला सांगावे. स्वतः यंत्रापाशी बसलेला मुलगा उद्या एखाद्या मंडळाच्या ट्रकवर उभा राहिला, तर आवाजाची गुंडी कोणाच्या हातात असेल?

आमच्या संस्थेतील एक ज्येष्ठ स्नेही, ज्यांचा मी आदर करतो, म्हणतात की हा सगळा उद्योग उसन्या गाण्यांचा आहे. ज्या गावात सयाजीरावांनी मौलाबक्षांकरवी १८८६ साली गायनशाळा काढली, तेथे मुलांच्या हाती तंबोरा द्यावा. तंबोरा द्यावाच. पण बटण दाबले की गाणे वाजते म्हणून यात कला नाही, हे मला मान्य नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. त्या काळात आपल्या घरोघरीच्या पेट्या काही कोणी माळ्यावर टाकल्या नाहीत. स्नेह्यांच्या आक्षेपात तथ्य आहे ते एका ठिकाणी. 'सिंक' नावाचे बटण दोन गाण्यांची लय आपोआप जुळवून देते. ते पहिल्या दिवसापासून दाबणारे मूल कानाने काहीच शिकत नाही. माझा सल्ला असा, की पहिले सहा महिने ते बटण चिकटपट्टीने झाकावे. मग पुढे खुशाल वापरावे. गणकयंत्र आले म्हणून पाढे सोडायचे नसतात, आणि पाढे येतात म्हणून गणकयंत्र फेकायचेही नसते.

पैशाविषयी थोडक्यात. मुलाची आवड टिकते का, हे पाहण्यासाठी कंट्रोलर लागत नाही. मिक्स (एकूण तीन 'एक्स'चे हे नाव आहे) नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ट्यू हास्टे अँडरसन या संशोधकाने २००१ साली आपल्या डॉक्टरेटच्या अभ्यासाचा भाग म्हणून ते आरंभिले, आणि आज स्वयंसेवक ते चालवितात. लॅपटॉपच्या कळांवर महिनाभर वाजवून मूल कंटाळले तर खर्च वाचला. हाताला कळा अपुऱ्या पडतात अशी तक्रार करू लागले तर खरेदीची वेळ आली. वापरलेला कंट्रोलर घ्यायला हरकत नाही, मात्र फेडर धुळीने खरखरतो का ते पाहावे, आणि तो आजच्या संगणकावर वेगळ्या ड्रायव्हरविना चालतो का हे विचारावे. वेस्टॅक्स ही नामांकित जपानी कंपनी २०१४ साली दिवाळखोरीत गेली. अशा यंत्रांचे हात-पाय शाबूत असतात, पण त्यांना नवा संगणक ओळखेलच याची खात्री नसते. तसेच कोणता कंट्रोलर कोणत्या सॉफ्टवेअरशी बांधलेला आहे, आणि त्याचे शुल्क एकदाच की दरमहा, हे आधी विचारावे. मासिक हप्ता हा यंत्राच्या किमतीत न दिसणारा खर्च आहे. पायोनियरच्या डीडीजे-४०० पासून (२०१८) त्याच्या पुढच्या डीडीजे-एफएलएक्स४ पर्यंतची दोन चॅनेलची यंत्रे बहुतेक मुलांच्या हाताला बसतात, असा माझा अनुभव. पण मुलाने हात लावून पाहिल्याशिवाय माझ्या अनुभवावर कोणी खरेदी करू नये. दुकानात पाच मिनिटांत काही कळत नाही. वीस मिनिटे उभे राहून वाजवू द्यावे आणि मग, "छान आहे का?" असे न विचारता, "कुठे ताण येतो?" असे विचारावे. मागवून घेणार असाल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची, ते पाहून पहिल्या दोन दिवसांतच ही परीक्षा घ्यावी.

राहिला प्रश्न यंत्र ठेवायचे कुठे. मुले आपली खोली आणि बंद दार मागतील. मी दिवाणखाना सुचवितो. तेथे आजीचा जप चालतो, कोणी वर्तमानपत्र वाचते, दूरदर्शनवर मालिका लागते, त्यामुळे आवाजाला आपोआप लगाम राहतो. आणि मूल काय वाजविते ते घरच्यांना ऐकू येते. रात्री दहानंतर स्पीकर बंद, नुसता हेडफोन, तोही गुंडी अर्ध्याच्या आत. झाकायला एक जुने मऊ सुती धोतर पुरते. आपल्याकडच्या वैशाखातली धूळ फेडरमध्ये गेली की ती काढायला कारागीर सहजी सापडत नाही.